सातवी आसरा

"मॅडम, डोहावर या. लगेच या. माणसं आवरत न्हाईत."

हवालदार राधाकृष्ण फोनवर धापा टाकत होता. त्याच्या मागे घंटा वाजत होती आणि बायकांचा एकच गलका चालला होता.

"काय झालं? प्रेत वर आलं?"

"न्हाई मॅडम. पोरगी घावली. म्हंजी... फोटोत घावली."

उपनिरीक्षक कृपा ओहोळने फोन आपटला आणि जीप काढायला सांगितली. कोल्हारच्या या पट्ट्यात बदली होऊन तिला पुरता महिनाही झाला नव्हता. या महिन्यात तिने एकच केस धरून ठेवली होती आणि ती केस सोडून द्या, असं सांगणारी माणसं रोज वाढत होती.

ऋतुजा. वय एकोणीस, नर्सिंगचं दुसरं वर्ष. बाप लहानपणीच वारलेला. दिवाळीनंतर एका सकाळी कॉलेजची बस पकडायला म्हणून घरातून निघाली आणि बसमध्ये चढलीच नाही. दुसऱ्या दिवशी प्रवरेच्या डोहावर, बंधाऱ्याच्या भिंतीवर, तिच्या चपला तिच्या चुलत्याला, अजिनाथला, सापडल्या. गळ टाकले, पोहणारे उतरवले, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून तिची आई बायडाबाई रोज पोलीस दूरक्षेत्राच्या पायरीवर येऊन बसायची. बोलायची नाही. नुसती बसायची. कृपाला त्या बसण्याचा धाक वाटायचा आणि म्हणूनच फाईल बंद होत नव्हती.

आज बायडाबाई आली नव्हती. कृपाच्या ते सकाळीच लक्षात आलं होतं.

डोहावर जत्रा भरली होती. अंगद नावाच्या तरुणाने रस्त्यालगतच्या वावरात पार्किंग काढलं होतं, शेजारी नारळांची रास लावली होती. हळदीकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या, खणाचे तुकडे, सगळं हजर. एका दिवसात! गावाला पाण्याची टाकी दुरुस्त करायला वर्षं लागतात.

राधाकृष्णाने मोबाईल पुढे केला.

फोटो संध्याकाळचा होता. मागे बंधारा, पुढे डोहाचं काळसर पाणी. काठाला शेंदूर फासलेले सात दगड ओळीने. आणि पाण्याच्या वर, वीतभर अधांतरी, सात बायका. पांढऱ्या, धुरकट, केस मोकळे. सहा जणींची तोंडं अर्धी झाकलेली. सातवीचं तोंड मात्र समोर, स्वच्छ. ती ऋतुजा होती आणि ती हसत होती. खाली लिहिलं होतं: काल सायंकाळचे दर्शन. पुढे पाठवा.

साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. एखादी पोर मनात भरली की तिला ओढून आपल्यात घेतात, असं या भागात आजही म्हणतात. कुठे त्यांना पऱ्या म्हणतात, इथे आसरा.

"हा फोटो कुणी काढला?" कृपाने अंगदला विचारलं.

"ग्रुपवर आला मॅडम."

"कुणी टाकला?"

"फॉरवर्ड हुता. म्या फकस्त पुढं धाडला."

"आणि नारळ? तेही फॉरवर्ड झाले?"

अंगद हसला. मग तिचं तोंड बघून थांबला.

बंधाऱ्याच्या भिंतीवर छबूबाई बसली होती. आसरांच्या पूजेचं सगळं तिच्याकडे असायचं. ती बायकांकडून खण-नारळ घेऊन एकेक पाण्यात सोडत होती.

"आजी, कचरा करू नका पाण्यात. काठावर ठेवा ना."

"काठावर? आत्ता?" म्हातारी खेकसली. "फळ्या टाकून पानी आडवलंय बंधाऱ्याला, दिवाळीच्या आदीच. आसरा न्हायला गेल्यात. आता फळ्या निघस्तवर शेंदराला हात लावायचा न्हाई, वटी पान्यातच सोडायची. नव्या हायसा तुमी, तुमाला काय ठावं!"

आणखी एक रीत. कृपाने कपाळावर हात मारला आणि ती बायडाबाईच्या घराकडे निघाली.

अंगणात रांग लागली होती. बायडाबाई ओट्यावर बसली होती, कपाळ कुंकवाने भरलेलं. बायका तिच्या पायावर डोकं ठेवत होत्या. तिचा भाऊ सहादेव, शेवगावचा, आल्यागेल्याला चहा देत होता. पोर गेल्यापासून तो इथेच ठाण मांडून होता आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. चुलता अजिनाथ लांब लिंबाखाली पाठ करून बसला होता.

"मावशी, आज आला नाहीत," कृपा म्हणाली.

"कशाला येऊ?" बायडाबाईचा चेहरा शांत होता. "पोर सुखात हाय माजी. आता हुडकू नका तिला. गळ टाकू नका पान्यात. लागंल तिला."

कृपाला वाटलं, फोटो काढणाऱ्याला आत्ता समोर आणून उभा करावा आणि ही बाई दाखवावी.

ती लिंबाखाली गेली.

"अजिनाथराव, जमिनीत ऋतुजाचा हिस्सा होता?"

"हुता न्हाई, हाय."

"ती गेली तर तो कुणाला?"

"मला. लिवा." अजिनाथने मान वर केली. "गाव तेच म्हनतंय. माजं अन् वैनीचं भांडन हाय, बांधावरनं हाय, खरं हाय. पर ती पोर माज्या भावाची हाय. म्या त्यो फोटो मानत न्हाई. ह्या अंगनात न मानणारा म्या एकलाच, तर मलाच चोर ठरवा."

"का मानत नाही?"

"आसरा दुसऱ्याच्या पोरी नेतात, अन् फोटो काढाया थांबतात व्हय?"

सहादेव चहाचा कप घेऊन आला. "घ्या मॅडम. त्याचं मनावर घेऊ नका."

"तुम्ही कधी पोचलात इथे?"

"चपला घावल्याचा फोन आला, तसा दुपारच्या यष्टीनं निगालो. त्या आसरांच्या दगडांपाशी लेकीच्या चपला! आईकूनच पाय गळाले बगा माजे."

"तुमचा जीव होता भाचीवर."

"लई," बायडाबाई ओट्यावरून म्हणाली. "भाऊबीजेला जमलं न्हाई त्याला यायला, पर दसऱ्याला आल्ता. तिला घेऊन डोहावर पाया पडून आला. दुसऱ्या दिशी श्रीरामपूरला नेऊन ड्रेस घेतला तिला."

सहादेवने उपरण्याने डोळे पुसले.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. गर्दी सांभाळा, लोकांच्या भावना आहेत, पोरगी बुडाली हे उघड आहे, उगाच श्रद्धेच्या मागे लागू नका. कृपाने "हो सर" म्हटलं. तिला तिच्याच आवाजाची शिसारी आली. आईच शोधू नका म्हणत असेल तर शोध चालू ठेवायचा कुणाच्या नावावर? उद्या फाईल बंद होणार होती. फोटो ज्याने बनवला त्याला नेमकं हेच हवं होतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण तो कोण?

ती श्रीरामपूरला जॉयदादाकडे गेली. जॉय तिचा मावसभाऊ, फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्नाच्या फोटोत वारलेल्या बापाला नवरीशेजारी उभं करून द्यायचं काम त्याच्याकडे बारा महिने असायचं.

त्याने फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि फटकन हसला.

"या सहा जणी यंत्राने बनवल्यात. मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या की मिळतात. तिसरीच्या हाताची बोटं मोज."

सहा होती.

"मागचा डोह खरा. साध्या मोबाईलचा फोटो आहे. आणि सातवीचं तोंडही खरं." त्याने डोळे मोठे केले. दोन्ही बुबुळांत दोन-दोन पांढरे चौकोन चमकत होते. "हे स्टुडिओतले दिवे. दोन बाजूंनी दोन. डोहावर एवढा उजेड कुठला? हनुवटी खाली, नजर वर, हसू बेताचं. कृपा, हा स्थळाचा फोटो आहे. मुलगी दाखवायला पाठवतात तो. असे हजार काढलेत मी."

"हाही तूच काढलास?"

"नाही. माझे दिवे गोल आहेत."

कृपा खुर्चीत मागे टेकली. "शाळेत जाणाऱ्या पोरालाही कळेल इतकं ढोबळ काम आहे हे. मग सगळा तालुका आंधळा झालाय का?"

"शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात दोन मुलींनी पुस्तकातल्या पऱ्या कागदावर काढून कापल्या, टोपीच्या पिनांनी झुडपात उभ्या केल्या आणि फोटो काढले. कागद! मोठमोठे विद्वान फसले. तेव्हा नुकतीच लढाई झाली होती, घरोघरची पोरं मेली होती. गेलेलं माणूस कुठेतरी आहे, एवढंच लोकांना ऐकायचं होतं." जॉयने चष्मा काढला. "मी बापाला नवरीशेजारी चिकटवतो ना, तेव्हा पैसे देणाऱ्याला माहीत असतं की मी चिकटवलाय. तरी तो रडतो. फोटो चांगला लागत नाही, बघणाऱ्याला गरज लागते."

"म्हणजे ज्याने हे केलं त्याला त्या आईची गरज माहीत होती."

"चांगलीच."

परत येताना तिने जीप बंधाऱ्यावर थांबवली. छबूबाई अजून तिथेच होती, पाण्यात नारळ सोडत. कृपाने मोबाईलवर तो फोटो उघडला, पाण्याकडे पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा पाणी. भिंतीच्या खांद्यापर्यंत पाणी होतं. काठ असा नव्हताच.

"आजी, ते सात दगड कुठायत?"

"पान्याखाली! सकाळी सांगितलं न्हवं का, न्हायला गेल्यात म्हून."

"मग कालच्या फोटोत वर कसे?"

छबूबाईने हात जोडले. "त्योच तर चमत्कार!"

कृपाला हसू आलं नाही. संतापाने तिचे कान तापले, आणि त्याच वेळी सगळं जागच्या जागी बसलं.

बायडाबाईच्या अंगणात तिने रांग हाकलली. अंगद, अजिनाथ, सहादेव, छबूबाई, एवढ्यांना बसवलं. राधाकृष्ण दारात उभा राहिला.

"एकच प्रश्न सगळ्यांना. आत्ता, या घडीला, आसरांचे दगड कुठे आहेत?"

"पान्याखाली," अंगद म्हणाला. "फळ्या टाकल्यावर बुडत्यातच."

"पान्याखाली," अजिनाथ म्हणाला.

"सहादेवमामा?"

सहादेवने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "व्हय, पान्याखालीच की."

"आत्ता ऐकून सांगितलंत. सकाळी मला काय म्हणालात? आसरांच्या दगडांपाशी लेकीच्या चपला. अजिनाथराव, चपला तुम्हाला कुठे सापडल्या?"

"बंधाऱ्याच्या भिंतीवर. दगडांचा काय संबंध? ते केवाच बुडाल्यालं."

"बघा," कृपा म्हणाली. "ऋतुजा नाहीशी झाली त्याच्या आधीच फळ्या टाकल्या होत्या, दगड बुडाले होते. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. चपला दगडांपाशी होत्या असं कुणाला वाटेल? ज्याने त्या पाहिल्याच नाहीत, पण दगडांपाशी ठेव म्हणून दुसऱ्याला सांगितलं, त्यालाच. ठेवणाऱ्याला दगड दिसले नाहीत, त्याने भिंतीवर ठेवून पळ काढला. आणि सांगणाऱ्याला ते कळलंच नाही."

"त्वांडातनं गेलं मॅडम," सहादेव म्हणाला. "दुःखात मानूस..."

"गप्प बसा. मग फोटो. कालचा म्हणून फिरवला, पण त्यात दगड कोरडे आहेत. म्हणजे फळ्या टाकण्याआधीचा. या गावच्या माणसाने बनवला असता तर त्याने हा घोळ केला नसता. त्याने काठावर जाऊन ताजा फोटो काढून आणला असता. हा डोह ज्याने दसऱ्याला पाहिला, भाऊबीजेला आलाच नाही, आणि परत आल्यावर पाण्याकडे नजरही टाकली नाही, असा बाहेरचा माणूस हवा. दुःखाने वेडा झालेला मामा डोहाकडे एकदाही फिरकला नाही. का फिरकेल? भाची तिथे नाही हे त्याला माहीत होतं."

बायडाबाई उठून उभी राहिली. "माज्या भावाला बोलू नका! त्यानं काय केलं? त्यानं..."

"मावशी, ऋतुजाचा स्थळासाठी फोटो काढला होता का कधी?"

"न्हाई वो. नर्स झाल्याबिगर लगीन न्हाई म्हनायची ती. म्या बी व्हय म्हनले."

"या फोटोतलं तोंड स्टुडिओतलं आहे. डोळ्यांत दिवे आहेत. तिला स्टुडिओत कोण घेऊन गेलं? दसऱ्याला श्रीरामपूरला कोण घेऊन गेलं?"

उत्तर सगळ्यांच्या समोर बसलं होतं.

"मोबाईल," कृपाने हात पुढे केला.

सहादेवने खिसा दाबला. अजिनाथ लिंबाखालून उठला तो थेट त्याच्या अंगावर गेला. राधाकृष्णाने दोघांच्या मध्ये पडून मोबाईल काढून घेतला. दसऱ्याचा डोह त्यात होता. सात कोरडे दगड, सहा बोटांची आसरा, आणि भाचीचा हसरा फोटो. तो फोटो एका अनोळखी नंबरला पाठवलेला होता. समोरून उत्तर आलं होतं: मुलगी पसंत आहे. त्याखाली आणखी एक: आई दवाखान्यात आहे हा तुमचा फोन झाल्यावर मुलगी जीपमध्ये बसली, पैसे पाठवलेत.

"सांगा," कृपा म्हणाली. "नाहीतर मी सांगते आणि मग मला राग आवरणार नाही."

सहादेवचा बसलेला आवाज एकदम मोकळा झाला. "चांगल्या घरात दिली! वाईट काय केलं? वय जास्ती हाय त्याचं, पर बागायत हाय. तिकडं पोरी मिळत न्हाईत. हितं राहून काय हुनार हुतं तिचं?"

"दिली नाहीस. विकलीस. आईला दवाखान्यात नेलंय, असं फोनवर सांगून तिला जीपमध्ये बसवलीस. मग चपला डोहावर पाठवल्यास, म्हणजे आई रडेल आणि थांबेल. पण ती थांबली नाही. ती रोज माझ्या पायरीवर येऊन बसली. तिला उठवायला तुला फोटो लागला. बहिणीला काय दाखवलं की ती शोधणं सोडेल, हे भावाइतकं कुणाला ठाऊक असणार?"

बायडाबाईला एवढं सगळं ऐकू आलं असेल की नाही, कोण जाणे. ती भावापुढे जाऊन उभी राहिली.

"जिती हाय?"

सहादेवने उपरणं तोंडाला लावलं.

"जिती हाय का सांग!"

"हाय."

तिने पायातली चप्पल काढली. कृपा पाठ फिरवून राधाकृष्णाला गावाचं नाव लिहून घ्यायला सांगू लागली आणि बऱ्याच वेळाने तिने मागे पाहिलं.

परजिल्ह्यातल्या त्या वस्तीवरून ऋतुजाला आणायला कृपा स्वतः गेली. खोलीला बाहेरून कडी होती. नवरा म्हणवणाऱ्याला आणि मध्यस्थाला तिथल्या पोलिसांनी उचललं. येताना गाडीत कृपाने फोटोची आणि आईची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ऋतुजा एकच वाक्य बोलली, "तो फोटो कॉलेजच्या ओळखपत्रासाठी हाय म्हनला हुता मामा." बाकी वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

कृपाला वाटलं होतं, आता तरी गाव शरमेने मान खाली घालेल. कसलं काय. गाडी वेशीत शिरली तेव्हा ढोल वाजत होता. चौकात ऋतुजाचं दोन मजली पोस्टर होतं, केस मोकळे, पाय अधांतरी. आसरांनी पोर परत धाडली, अशी नवी बातमी ग्रुपवर फिरून झाली होती आणि अंगदने नारळांचा दुसरा टेम्पो उतरवला होता. ऋतुजा उतरली तशा बायका हळदीकुंकू घेऊन तिच्यावर तुटून पडल्या. कुणी तिच्या पायाला मिठी घातली. कुणी आजारी लेकरू तिच्या हातात कोंबलं.

"सोडा!" ऋतुजा किंचाळली. "हात लावू नका मला! म्या आसरा न्हाई. माज्या मामानं मला इकलं हुतं. खोलीत कोंडलं हुतं. आईकताय का कुनी? इकलं हुतं मला!"

"अंगात आलं," मागून कुणीतरी म्हणालं आणि हात जोडले. पन्नास मोबाईल वर झाले.

कृपाने काठी काढली. वर्दीत आल्यापासून गर्दीवर काठी उगारताना तिला कधी इतकी खुशी झाली नव्हती. तिने आणि अजिनाथने मिळून पोरीला वाट काढून घरापर्यंत आणलं आणि अंगणाचं फाटक लावून घेतलं.

बायडाबाई ओट्यावर होती. कपाळ धुतलेलं. उठायला गेली आणि उठता येईना, म्हणून तशीच हात पसरून बसली.

ऋतुजा तिच्यापासून दोन हात लांब थांबली.

"आई, म्या रोज दाराकडं बघत हुते. गाडी वाजली की वाटायचं तूच आलीस. तू हुडकायची का थांबलीस?"

"फोटो दावला गं मला."

"अन् तुला खरं वाटलं? तुला?"

बायडाबाईने पसरलेले हात पदरात ओढून घेतले. बाहेर ढोल परत सुरू झाला होता. अजिनाथ शिव्या घालत फाटकाकडे धावला.

"समदे म्हनत हुते मेली, बुडाली, माशांनी खाल्ली," ती शेवटी म्हणाली. "अन् त्या फोटोत तू हासत हुतीस, बाळा."